अर्धें मैदान

चुकीच्या समजुतींतून जन्मलेली एखादी रूढि लोकांना खरें सुख व खरा मान देऊं लागली, तर न्यायी माणसानें तिच्याशीं कसें वागावें? नीतिशास्त्राच्या वर्गांत उत्तर चटकन् मिळतें: समजूत चुकीची, सबब रूढि मोडावी. परंतु जेथें ती प्रत्यक्ष नांदत होती तेथली हकीकत पाहिली म्हणजे उत्तर इतकें सोपें राहत नाहीं. अमेरिकेंतील आयोवा या मक्याच्या मुलखांत, लहानलहान खेड्यांच्या हायस्कुलांतून मुलींचा बास्केटबॉल सत्तरांहून अधिक वर्षें ज्या तऱ्हेनें खेळला गेला, ती तऱ्हा या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे.

आधीं नियम सांगितले पाहिजेत, कारण सगळा वाद त्यांतच आहे. बास्केटबॉल निघाला १८९१ सालीं. पुढल्याच वर्षीं स्मिथ कॉलेजांतील सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें तो आपल्या विद्यार्थिनींस शिकविला आणि मुलींना फार धांवावें लागूं नये म्हणून मैदानाचे भाग पाडले. पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. हीच कल्पना पालटत पालटत आयोवांत सहा जणींच्या खेळाच्या रूपानें स्थिरावली. मैदानाच्या मधोमध एक रेषा. तिच्या एका अंगास आपल्या तीन फॉरवर्ड, दुसऱ्या अंगास तीन गार्ड. आट्यापाट्यांत पाटी धरणारा जसा आपली पाटी सोडीत नाहीं, तशी यांतल्या कोणीही ती रेषा ओलांडावयाची नाहीं. चेंडू जमिनीवर फार तर दोनदां आपटावयाचा, कीं द्यावयाचा किंवा फेंकावयाचा. गुण मिळवावयाचे ते फॉरवर्डनीं. गार्डनें केवळ अडवावयाचें. त्यामुळें एखादी मुलगी चार वर्षें शाळेची नांवाजलेली खेळाडू असूनही सामन्यांत जाळ्याकडे एकदांही चेंडू न फेंकतां शाळा सोडून जाई.

स्त्रीचा देह नाजूक, त्याला पुरें मैदान झेपणार नाहीं, ही या नियमामागची समजूत. ती मुख्यतः शहरी सुशिक्षितांची. १९२३ सालीं लू हेन्री हूव्हर यांच्या पुढाकारानें भरलेल्या परिषदेच्या कार्यांतून याहूनही पुढचें पाऊल पडलें. मुलींचीं अजिंक्यपदें, तिकिटें, गांवोगांवचा प्रवास, या सर्वांवरच आक्षेप आला. (बाई स्वतः आयोवांतच जन्मल्या होत्या.) त्यांचा हेतु वाईट नव्हता. थोड्या मुलींनीं खेळावें आणि बाकीच्यांनीं पाहावें यापेक्षां सर्वांनींच खेळावें, हें त्यांचें म्हणणें आजही खोटें ठरलेलें नाहीं. परंतु १९२५ सालीं आयोवाच्या शाळांच्या संघानें मुलींची स्पर्धा बंद करावयाचें ठरविलें, तेव्हां लहान गांवांच्या शाळांचे सुमारें २५ चालक त्याच्याशीं फारकत घेऊन निघाले आणि त्यांनीं केवळ मुलींच्या खेळांसाठीं निराळी संस्था स्थापिली. मुलींच्या खेळाचा कैवार घेणारे हे सारे पुरुष, आणि तेही खेडेगांवचे. प्रगतीचा ओघ नेहमीं शहरांतून खेड्यांकडे वाहतो असें मानणारांनीं हें लक्षांत ठेवावें.

खेड्यांना हा खेळ एवढा प्रिय कां झाला असावा? जी मुलगी पहांटे उठून धारा काढते व गवताचे भारे उचलते, तिला धांवण्यानें अपाय होईल हें तिच्या बापास कोण पटविणार! शिवाय मुलांच्या फुटबॉलला अकरा गडी लागतात. मुठभर पोरांच्या शाळेनें ते आणावे कोठून? सहा मुली मात्र मिळत. मला याहून महत्त्वाचें कारण निराळें वाटतें. अशा शाळेंत चेंडू खेळणारी मुलगीच बँडमध्यें वाजविते, तीच समूहगायनांत गाते, वर्षअखेरच्या नाटकांत तिलाच भूमिका असते, कारण ती नसेल तर बँड नाहीं, गायन नाहीं आणि नाटकही नाहीं. मोठ्या शाळेंत मुलाची निवड होते. लहान शाळेंत त्याची गरज असते. या दोहोंतला फरक आमच्या शिक्षणशास्त्रानें पुरता ओळखला आहे असें मला वाटत नाहीं. निवड झालेल्याला अभिमान वाटतो खरा, पण गरज असलेल्याला आपण कोठले तरी आहोंत असें वाटतें.

या खेळाचा कळस पाहावयाचा तर १९६८ चा अंतिम सामना पाहावा. डे मॉइन शहरांतील मोठें सभागृह हजारों प्रेक्षकांनीं भरलें होतें. झुंज होती युनियन-व्हिटन व एव्हर्ली या दोन खेडवळ शाळांची. वेळ वाढवूनही चुरस संपेना. शेवटीं युनियन-व्हिटन ११३ विरुद्ध १०७ गुणांनीं जिंकली. एव्हर्लीच्या जीनेट ओल्सननें ७६ गुण केले, तर विजयी संघाच्या डेनिस लाँगनें ६४. लाँगनें त्याच वर्षीं एका सामन्यांत १११ गुण केले होते. पुढल्या वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोच्या धंदेवाईक पुरुष संघानें तिचें नांव आपल्या निवडींत घातलें, आणि ती निवड रद्द झाली. मात्र त्या सामन्यांतल्या गार्डांचीं नांवें आज कितीजणांस सांगतां येतील?

येथेंच न्यायाचा मुद्दा उभा राहतो. असाच खेळ चालणाऱ्या टेनेसी संस्थानांत एका गार्ड मुलीनें न्यायालयांत दाद मागितली: मला चेंडू फेंकावयास शिकूं देत नाहींत, मग कॉलेजची शिष्यवृत्ति मला कोण देणार? १९७६ सालीं निकाल तिच्या बाजूनें लागला. पुढल्या वर्षीं वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. संघाच्या समर्थनांत एक मुद्दा असा होता कीं, या नियमामुळें दुबळ्या व बोजड मुलींनाही खेळतां येतें. १९७९ सालीं आर्कन्सॉमध्यें असाच खटला उभा राहिला, तेव्हां नियमाच्या बाजूनें परंपरेखेरीज कांहींच सांगतां आलें नाहीं, आणि नियम टिकला नाहीं. मला हा निकाल योग्य वाटतो. ज्या मानाचें मोल दुसऱ्या कोणी तरी मुकाट्यानें भरावयाचें, त्याचा हिशेब केव्हां तरी मागितला जाणारच.

आयोवांत पांच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ १९८५ पासून शिरला आणि १९९३ सालीं सहा जणींचा खेळ संपला. त्याबद्दल हळहळणारे पुष्कळ होते, आणि त्यांत जुन्या गार्डही होत्या. त्यांच्या हळहळीस मूर्खपणा म्हणणें मला जमत नाहीं. आपण अर्ध्याच मैदानांत होतों हें त्यांना ठाऊक होतें. पण त्या अर्ध्यासाठीं सारा गांव दुकानें लावून येत होता, हेंही त्यांना ठाऊक होतें. कायदा पूर्ण मैदान देऊं शकतो. गांव देणें त्याच्या हातचें नसतें.

मात्र गर्दी त्या रेषेमुळें येत होती, हें हळहळणारांचें अनुमान टिकत नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत आयोवा विद्यापीठाच्या स्त्रियांचा एक सामना फुटबॉलच्या उघड्या मैदानावर झाला आणि तो पाहावयास ५५,६४६ लोक आले. खेळ पांच जणींचा होता, आणि केटलिन क्लार्क सगळें मैदान पायांखालीं घालीत होती. आयोवाचें प्रेम रेषेवर नव्हतें. तरी त्या गर्दींत आणि १९६८ च्या गर्दींत एक अंतर आहे. हे लोक एका असामान्य मुलीस पाहावयास आले होते. ते शेजाऱ्याच्या मुलीस पाहावयास येत.

ती शेजाऱ्याची मुलगी नियमानें नेली नाहीं. शेतें मोठीं झालीं, शेतकरी थोडे उरले, मुलें घटलीं आणि शाळा एकमेकींत मिसळल्या. युनियन-व्हिटन आणि एव्हर्ली या नांवांच्या निराळ्या शाळा आतां उरल्या नाहींत. मिसळून झालेल्या शाळेंत एका संघाच्या जागीं तीन गांवांच्या मुली येतात. पांच जणी मैदानांत उतरतात, कांहीं बाकावर बसतात, आणि राहिलेल्या पाहतात. हूव्हरबाईंची मूळची तक्रार याच गोष्टीबद्दल होती.