देशकालोच्चार

कोणत्याही पूजेच्या आरंभी, आचमन-प्राणायाम आटोपल्यावर, यजमानाच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी घालून त्याच्याकडून जो संकल्प वदवून घेतला जातो, त्याचा पूर्वार्ध म्हणजे वास्तविक एक पत्ताच असतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा कितवा भाग सरला येथून आरंभ करून, कल्प, मन्वंतर, युग, मग द्वीप, वर्ष, खंड, अरण्य, नदीचा तीर, शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी अशी एकेक कडी उतरत उतरत तो उच्चार अखेर त्या पाटावर बसलेल्या, अमुक गोत्राच्या आणि अमुक नावाच्या इसमापाशी येऊन थांबतो. टपाल खात्याने पाकिटावर लिहावयास सांगितलेला क्रम याच्या नेमका उलटा. तेथे इसम प्रथम आणि मुलूख शेवटी. हा फरक मला कित्येक वर्षे जाणवलाच नव्हता. तो जाणवला १९६४ च्या श्रावणात, जेव्हा माझी बदली दिल्लीहून चंदीगडला झाली आणि माझ्या तळहातावरचे पाणी, नदीचे नाव ठरेपर्यंत, बोटांच्या फटींतून गळून गेले.

बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा आषाढ निम्मा सरला होता. करोलबागेतील एका इमारतीच्या गच्चीवर, ज्या खोलीला तिकडे बरसाती म्हणतात, त्या एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो: मी, माझी पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि नुकता बसू लागलेला मुलगा. मातोश्रींनी वाईहून लिहिले की, आधी वाई सोडलीस, मग पुणे, आता दिल्लीही सोडतोस. पोरांना कोठेच मुळे धरू देणार नाहीस काय? मी, तरुणपणाच्या ऐटीत, उत्तर धाडले की भाताचे रोप तरव्यातून उपटून खाचरात लावल्यावाचून त्याला लोंबी येत नाही. त्यावर त्यांचे एकोळी कार्ड आले: रोप पाऊस पडत असताना उपटतात. पुढे त्यांनी देव हलवण्याचा क्रम मात्र तपशीलवार लिहिला होता. देव्हाऱ्यातले टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण हे सर्व तांदळात ठेवून डबा बंद करावा, डबा सामानात देऊ नये, नव्या घरात प्रथम देव न्यावेत, मग पाण्याची घागर, मग चुलीवर दूध उतू जाऊ द्यावे.

त्याप्रमाणे पितळी डब्यात जेजुरीचा खंडोबा आणि पत्नीने माहेराहून आणलेली अन्नपूर्णा अर्धी पायली तांदळात विसावली, मालगाडीने बाकीचे सामान रवाना झाले आणि आम्ही रात्रीच्या कालका मेलमध्ये बसलो. डबा फळीवर ठेवण्यासाठी मी हात पुढे केला, तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, वर नको, माझ्याजवळच असू द्या,” आणि एका मांडीवर मूल व दुसऱ्या मांडीवर देव घेऊन ती रात्रभर बसून राहिली. मला तेव्हा हसू आले होते. ज्याला सर्वव्यापी म्हणावे, त्याला गाडीचा हिसका लागेल म्हणून मांडीवर घ्यावे, यातला विरोध मला फार मार्मिक वाटला होता.

परंतु हा विरोध शास्त्रकारांच्या नजरेतून सुटला असेल असे मानणे हा माझाच पोरकटपणा होता. भागवताच्या अकराव्या स्कंधात, उद्धवाला पूजाविधी सांगताना, प्रतिमांचे चल आणि अचल असे दोन भेद केलेले आहेत. अचल मूर्तीच्या ठायी आवाहन-विसर्जन नाही, ती जेथे आहे तेथे आहेच; चल मूर्तीच्या ठायी मात्र ते करावे किंवा न करावे असा विकल्प ठेवलेला आहे. आमचा डबा त्या विकल्पाच्या प्रांतात मोडत होता. आणि सहज आठवण झाली म्हणून सांगतो, याच अकराव्या स्कंधावरची आपली थोर मराठी टीका एकनाथांनी पूर्ण केली ती पैठणात नव्हे, तर वाराणसीत, १५७३ साली. सातवाहनांची राजधानी असलेल्या ज्या नगराचे नावच मुळी ‘प्रतिष्ठान’, तेथला हा गृहस्थ आपल्या ग्रंथाची समाप्ती उत्तरेतल्या गंगेकाठी करतो, आणि ग्रंथाची भाषा मात्र गोदाकाठचीच ठेवतो.

स्थान सोडण्याविषयी आपल्या परंपरेत जितके बोलले गेले आहे, त्यातले बहुतेक संन्याशाला उद्देशून आहे. चक्रधरस्वामींचा उपदेश प्रसिद्धच आहे: साधकाने स्वदेशाचा संबंध सोडावा, स्वग्रामाचा सोडावा आणि आप्तांचा तर विशेषेकरून सोडावा. स्वामी स्वतः मूळचे गुजरातेतील भडोचचे. तेव्हा हा उपदेश त्यांनी आधी आचरला होता. पण त्याच स्वामींनी अनुयायांना कानडी आणि तेलंगी मुलखांत जाऊ नका, महाराष्ट्रातच असा, असेही बजावले. ज्याला स्वदेश नको, त्याला महाराष्ट्र कशाला हवा? पंडितांनी याची उत्तरे दिलेली आहेत, पण मला कुतूहल वाटते ते पुढच्या इतिहासाचे. स्वामी उत्तरापंथे निघून गेले अशी त्यांच्या पंथाची श्रद्धा. आणि त्यांच्या मागे काही शतकांनी हा पंथही उत्तरेला गेला, इतका की पंजाबात आणि थेट पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणतात. ज्यांच्या घरात मराठीचा एक शब्द बोलला जात नव्हता, असे पंजाबी साधक तेराव्या शतकातली मराठी पोथी धर्मभाषा म्हणून अभ्यासत राहिले. महाराष्ट्रात असा, ही आज्ञा मोडली की पाळली, याचा निकाल मला अद्याप देता आलेला नाही.

गीतेने तर बाराव्या अध्यायात, भगवंताला प्रिय असलेल्या भक्ताच्या लक्षणांत, ‘अनिकेत’ हा शब्दच घातला आहे. ज्ञानेश्वरांनी तो उकलताना वाऱ्याचा दाखला दिला आणि शेवटी त्या बेघरपणाचे रूपांतर अवघे विश्व घर होण्यात करून टाकले. हे मनाला फार सुखविणारे आहे, आणि बदलीचा हुकूम खिशात असताना तर विशेषच. पण माझ्या मते येथे गृहस्थाने जरा सावध राहिले पाहिजे. अनिकेतपणा हा ज्याने त्याने स्वतःपुरता पत्करण्याचा गुण आहे. तो दुसऱ्याच्या, त्यातही चार वर्षांच्या मुलीच्या, गळ्यात बांधता येत नाही. बापाची बढती आणि बापाचे वैराग्य या दोहोंचा खर्च मुलांच्या खात्यावर पडतो, आणि पहिलीला निदान प्रवासभत्ता तरी मिळतो.

मुलीचे असे झाले. दिल्लीत गर्दीत हरवली तर असावा म्हणून आम्ही तिला पत्ता पाठ करून दिला होता: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, गल्लीचा नंबर, करोलबाग, दिल्ली. रात्री शुभंकरोति झाले की त्याच सुरात, हात जोडलेले तसेच ठेवून, ती पत्ता म्हणत असे. दोहोंत तिला भेद नव्हता. चंदीगडला आल्यावर तिला नवा पत्ता शिकवावा लागला, आणि येथे अडचण आली. कारण त्या नगराला गल्ल्या नव्हत्या, पेठा नव्हत्या, आळ्या नव्हत्या, केवळ अंक होते. फाळणीत लाहोर गेले, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून कोरी जागा निवडून फ्रेंच वास्तुविशारद कार्बुझिए याच्या आराखड्यावर वसवलेले आणि १९५३ च्या ७ ऑक्टोबरला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उद्घाटन झालेले हे शहर सेक्टरांत मोजले जाते, आणि त्या मोजणीत तेव्हा तेरा हा आकडाच नव्हता. आम्हाला मिळालेले सरकारी घर बाविसाव्या सेक्टरात, उघड्या विटांचे, भिंतीत जाळ्या असलेले, उजेडाचे आणि, खरे सांगायचे तर, बरसातीहून सर्व बाबतींत सरस होते. मुलीने तीन आठवडे त्याला घर म्हटले नाही. ‘हे’ म्हणे. रात्री हात जोडून ती म्हणे: गल्लीचा नंबर, करोलबाग, चंदीगड.

मी तिला हटकत असे. पण संकल्पाच्या दिवशी कळले की मी स्वतः काय करीत आलो होतो. दिल्लीत आमच्याकडे येणारे भिक्षुक महाराष्ट्रीय. ते सवयीने दंडकारण्य आणि गोदावरीचा दक्षिण तीर म्हणत, आणि मीही म्हणे. म्हणजे सात वर्षे यमुनेचे पाणी पिऊन मी देवासमोर दरवेळी गोदावरीकाठी राहत असल्याची जबानी देत होतो. बरे, त्याआधी तरी काय? माझे वडील वाईचे, कृष्णेच्या घाटावर स्नान करून आलेले, तेदेखील गोदावरीच म्हणत. विंध्याखालच्या मराठी माणसाला ती नदी नव्हे, ती सरहद्द. तिच्या अलीकडचा की पलीकडचा एवढेच सांगावयाचे.

चंदीगडचे पंडितजी पहाडी मुलखातले, वयस्क, मितभाषी. दूध उतू गेले होते, देव तांदळातून काढून चौरंगावर मांडले होते. त्यांनी पळीने पाणी घातले आणि संकल्प सुरू केला. शालिवाहन शक १८८६ ची वाट पाहत मी बसलो होतो, तो त्यांनी विक्रम संवत २०२१ उच्चारला. मास आला तो भाद्रपद. मी चपापलो, कारण माझ्या हिशेबी श्रावण वद्य होता. मग ध्यानात आले की उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून वद्य पक्षात त्यांचे नाव आपल्याहून एक महिना पुढे असते. तिथी तीच, चंद्र तोच, जन्माष्टमी त्याच रात्री. पण मी श्रावणात बसलेलो आणि ते भाद्रपदात. मग नदीपाशी पंडितजी थांबले. मला म्हणाले, “यहाँ नदी तो है नहीं, चो है.” शिवालिकच्या टेकड्यांतून येणारे, पावसात खळाळणारे आणि एरवी वाळू दाखवणारे जे ओहोळ, त्यांना तिकडे चो म्हणतात, त्यांपैकीच सुखना चोला बांध घालून १९५८ साली शहराचे तळे केलेले आहे. पंडितजींनी विचार केला: सुखना घग्गरला मिळते, आणि घग्गर हीच सरस्वती असे पुष्कळ जाणते मानतात. मानतात खरे, न मानणारेही जाणतेच आहेत. तेवढ्यात माझ्या हातातले पाणी संपले होते. ओल्या तळहातावर मी सरस्वतीचे नाव घेतले.

शेजारी एक सरदारजी राहत. १९४७ साली लायलपूरहून आलेले. मी महाराष्ट्राचा हे कळताच ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, मग तुम्ही बाबा नामदेवांच्या मुलखातले. ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण पंढरपूरच्या शिंप्याच्या नावाने आपल्याला कोणी खुर्ची देईल, हे पुस्तकात नव्हते. त्यांनी सांगितले की त्यांच्या गावचा काफिला निघाला तेव्हा गुरुद्वारातला ग्रंथसाहिब एका वृद्धाने डोक्यावर घेतला होता, आणि वाटेत तो वृद्ध पडला तेव्हा दुसऱ्याने घेतला. मी त्यांना आमच्या पितळी डब्याची हकीकत सांगणार होतो. ती सांगितली नाही.

आणखी एक गोष्ट मी जरा उशिराने पाहिली. कोरी जागा असे मी वर लिहिले ते कागदावरचे. शहरासाठी ज्या जमिनी घेतल्या, त्यांवर गावे होती, आंबराया होत्या, आणि त्या मुलखातल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक गावाचा नगरखेडा होता: गाव वसवणाऱ्या पूर्वजाचा म्हणून पूजलेला, चुना लावलेला विटांचा लहानसा उंचवटा. आपल्या ग्रामदैवताचाच भाऊ, पण मुखवटा नसलेला. फिरावयास जाताना एका पिंपळाखाली, दोन सेक्टरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मला असा एक दिसला. एक म्हातारी राईच्या तेलाचा दिवा लावून उठत होती. गाव उठले, ती मुलाकडे दुसऱ्या गावी गेली, सायकलवर नातू घेऊन येतो, असे तिने सांगितले. मी विचारले, देव बरोबर का नेला नाही? तिने माझ्याकडे, मी काही तरी अगदीच अडाण्यासारखे विचारले आहे, अशा दृष्टीने पाहिले. “खेड़ा नहीं जाता,” ती म्हणाली, “लोग जाते हैं.”

त्या दिवसानंतर चल आणि अचल हा भेद मला मूर्तीपुरता राहिला नाही. ज्याचे देव डब्यात मावतात, त्याच्यासाठी बदली ही गैरसोय. ज्याचा देव उंचवटा आहे, त्याच्यासाठी ती काय असते हे माझ्या कोणत्याही पोथीत मला सापडले नव्हते. आणि माझे जाळीदार, उजेडाचे घर ज्या भुईवर उभे होते, तिचे पूर्वीचे नाव मी कधी कोणाला विचारले नव्हते. संकल्पात द्वीपापासून तिथीपर्यंत सारे येते. आपल्याआधी येथे कोण होते, हा रकाना तेवढा त्यात नाही. तो असावयास हवा होता, असे माझे मत आहे, आणि यात मी शास्त्राचा अधिक्षेप करतो असे कोणास वाटल्यास माझा इलाज नाही.

पुढल्या वर्षी जन्माष्टमीला पंडितजी गावाला गेले होते, म्हणून पूजेला मीच बसलो. पळी मुलीच्या हातात होती. ती आता पाच वर्षांची होती, पत्ता बिनचूक म्हणे, आणि करोलबाग काय ते तिला नीटसे आठवतही नव्हते. शक म्हणावा की संवत यात मी घोटाळलो, श्रावण की भाद्रपद यात अडलो, आणि नदीपाशी येऊन तर जीभ आपोआप गोदावरीकडे वळली, ती मी आवरली. सरस्वती म्हणावे तर माझा विश्वास नाही, चो म्हणावे तर संस्कृतात बसत नाही, आणि त्या म्हातारीच्या गावाचे नाव मी तोवरही विचारून घेतले नव्हते. एवढ्यात मुलीने माझा हात पालथा होऊ नये म्हणून खालून धरला, आत वाकून पाहिले, “बाबा, संपलं,” असे म्हणाली आणि पुन्हा पळीभर पाणी घातले.