आत्मपरीक्षणाला लागणारा दुसरा माणूस

आत्मपरीक्षण ही एकांतात करावयाची गोष्ट आहे, अशी आपल्याकडे एक दृढ समजूत आहे. दिवसाअखेरी माणसाने आपल्या कृत्यांचा हिशेब स्वतःशीच मांडावा, उणे दिसेल तेथे स्वतःशीच खंत करावी आणि दुसऱ्या दिवशी शुद्ध मनाने कामास लागावे, इतके झाले की पुरे, असे आपण धरून चालतो. या समजुतीत पावित्र्य पुष्कळ आहे. परंतु ज्याचा व्यवसायच दुसऱ्याच्या मनाशी निगडित आहे त्याला ती पुरी पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कैफियत लिहिणारा, ती ऐकणारा आणि तिच्यावर फैसला देणारा अंमलदार हे तिघेही जेथे एकच असतात, तेथे निकाल बहुधा ठरलेलाच असतो. आणि क्वचित तो विरुद्ध गेला, तरी शिक्षा अशी निवडली जाते की मूळ सवयीला धक्का पोहोचू नये.

कोचिंगच्या व्यवसायात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. परीक्षेच्या शिकवण्या येथे मला अभिप्रेत नाहीत. जबाबदारीच्या जागेवरील माणसाशी ठरावीक काळाने एकांतात बसून, उपदेश न करता, त्याचा विचार त्याच्याकडूनच तडीस नेववून घेण्याची जी विद्या आता मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतही रूढ झाली आहे, तिच्याविषयी मी बोलतो आहे. या विद्येचा एक उगम टेनिसच्या मैदानावर आहे. टिमोथी गॅलवे या अमेरिकन शिक्षकाने १९७४ साली ‘दि इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात दाखवून दिले की, चेंडू जमिनीवर आपटताच ‘टप्पा’ आणि रॅकेटला लागताच ‘फटका’ असे म्हणत राहण्याचे साधे काम खेळाडूकडे सोपविले, तर स्वतःला अखंड सूचना देणारे त्याचे मन त्यात गुंतते आणि हात आपले काम अधिक सुखाने करू लागतो. खेळाडूच्या मनाची व्यवस्था अशी लागली; पण शिक्षकाच्या मनाचे काय? शहाणे दिसण्याची त्याची इच्छा, कृतज्ञतेची त्याची अपेक्षा, शांतता असह्य होऊन प्रश्नावर प्रश्न विचारण्याची त्याची घाई, यांकडे कोणी पाहावे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्या अध्यापनाचा लाभ झाला, त्या जॉन ड्यूई यांनी १९१० सालीच असे मांडले होते की, खऱ्या विचाराचा आरंभ अडखळण्यातून होतो. ड्यूईंच्याच विचारावर प्रबंध लिहिलेल्या डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये हा धागा व्यवसायांपर्यंत आणून, कृती चालू असताना होणारे चिंतन आणि ती संपल्यावर होणारे चिंतन असा भेद केला. परंतु आपण अडखळलो आहोत हे ज्याच्या ध्यानातच येत नाही, त्याने चिंतनास आरंभ कोठून करावा, हा प्रश्न तरीही उरतोच.

त्याचे मला पटलेले उत्तर एका वैद्याने दिले आहे. बुडापेस्टला जन्मलेले मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये सामान्य डॉक्टरांचे छोटे गट जमविण्यास सुरुवात केली. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा नुकतीच सुरू झालेली होती, आणि ज्यांच्या शरीरात काही सापडत नाही तरीही जे पुनःपुन्हा येतात, अशा रुग्णांनी दवाखान्यांतील डॉक्टर हैराण होत असत. गटात डॉक्टराने आपली केस सांगावयाची, परंतु टिपणे न वाचता. कारण तो काय विसरतो आणि कोणत्या वाक्याशी त्याचा स्वर चढतो, हेही बालिंट यांच्या लेखी निदानाचेच साहित्य होते. डॉक्टर हे स्वतःच एक औषध असून त्याची मात्रा व त्याचे दुष्परिणाम कोणत्याही ग्रंथात नोंदलेले नाहीत, असा त्यांचा सिद्धान्त १९५७ च्या त्यांच्या ग्रंथात येतो. त्याहून मार्मिक निरीक्षण पुढचे आहे: रुग्णाने कसे वागावे याची प्रत्येक डॉक्टराच्या मनात एक पक्की मूर्ती असते, आणि धर्मप्रचारकाच्या निष्ठेने तो प्रत्येक रुग्णास तिच्याकडे वळवू पाहतो. कोचच्या मनातही ‘आदर्श अधिकारी’ असाच बसलेला असतो. सहकाऱ्यांना तो तत्काळ दिसतो; धन्याला दिसत नाही.

कोचिंगमधील सुपरव्हिजन, म्हणजे कोचने आपले काम दुसऱ्या जाणत्या माणसापुढे मांडून तपासून घेण्याची रीत, ही याच कुळातली आहे. हॅरल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोवैद्याने १९५५ साली दाखविले की, उपचारक आणि रुग्ण यांच्यामध्ये जे घडते त्याची छाया उपचारक आणि सुपरव्हायजर यांच्या बैठकीत पडते. समजा, एक कोच एका तडफदार अधिकाऱ्याची हकिकत सांगतो आहे. प्रत्येक वाक्य पूर्ण, प्रत्येक अडचणीवर उपाय तयार, वहीत शेरा ‘प्रगती समाधानकारक’. ऐकणारा सुपरव्हायजर मान डोलावतो, आणि काही वेळाने त्याच्या लक्षात येते की आपली दृष्टी घड्याळाकडे गेली आहे. तो एवढेच म्हणतो, “तुम्ही इतका वेळ सांगता आहात आणि मला एकही प्रश्न सुचलेला नाही. त्यांच्यासमोर बसल्यावर तुमचेही असेच होते का?” त्या अधिकाऱ्याने आपल्याला कोठेही शिरकाव करू दिलेला नाही, हे कोचला त्या क्षणी प्रथमच कळते. अर्थात सुपरव्हायजरचा कंटाळा हा त्याच्या स्वतःच्या थकव्यातूनही आलेला असू शकतो; म्हणूनच तो निर्णय म्हणून सुनावावयाचा नसतो, प्रश्न म्हणून पुढे ठेवावयाचा असतो.

पीटर हॉकिन्स यांच्या सुपरव्हिजनविषयीच्या प्रसिद्ध आराखड्यात कोचच्या कामाकडे पाहण्याच्या अशा सात दृष्टी सांगितल्या आहेत. त्यांतील सातवी, म्हणजे भोवतालच्या परिस्थितीची, आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे असे मला वाटते. कोचचे मानधन अधिकारी देत नाही, कंपनी देते. आणि पैसा देणाऱ्या कचेरीस अहवाल हवासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अहवाल जाणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी कोच सांगण्याजोग्या गोष्टी निवडून आणू लागतो, आणि ज्या भेटीत तो चिडला, गोंधळला किंवा स्तुतीने सुखावला, नेमकी ती भेट दफ्तराबाहेर राहते. तेव्हा कायद्याने सांगणे भागच आहे तेवढे वगळून सुपरव्हिजनच्या बैठकीतले काहीही कंपनीकडे जाणार नाही, हे कलम करारात आधी लिहून घ्यावे आणि मगच पहिल्या बैठकीस बसावे.