‘नाही’ आणि ‘दिसलं नाही’
नैनीतालच्या मनोरा शिखरावर १०४ सेंटिमीटरच्या दुर्बिणीपाशी रात्रभर कानटोपी घालून बसायचो. दर १० सेकंदांनी ताऱ्याच्या प्रकाशाचा एक आकडा. खगोलशास्त्रज्ञ डॉन कुर्ट्झ यांना १९७८ मध्ये प्शिबिल्स्कीच्या ताऱ्यात १२ मिनिटांचं स्पंदन सापडलं होतं. त्याच्यासारख्या ताऱ्यांत तसंच काही आम्ही शोधत होतो. आलेख बहुतेकदा सपाट.

तरी वहीत ‘स्पंदन नाही’ लिहिताना हात अडायचा. या ताऱ्यांचा चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षाशी कललेला असतो, स्पंदन त्याच्याच भोवती. तारा फिरतो तसं ते कधी ठळक होतं, कधी विरतं. म्हणजे धडधडत असेलही, आज पाठ करून.

आईच्या देवाला मात्र मी किती चटकन ‘नाही’ म्हणून टाकलं! तिथे एक रात्रही जागलो नव्हतो.

वहीत लिहिलं, ‘आज दिसलं नाही.’ तोच तारा पुन्हा लावला.