‘आदिम’ कोण?

खांदा कॉलनीतल्या सिडकोच्या इमारती मागे टाकून पनवेल तालुक्याच्या डोंगराकडे गेलं, की कातकरी वाड्या लागतात. सरकारी भाषेत कातकरी ही ‘आदिम जमात’. महाराष्ट्रात हा शिक्का तिघांवर आहे: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. केंद्र सरकारने इंग्रजी नावातला ‘प्रिमिटिव्ह’ शब्द २००६ साली बदलून ‘विशेषतः असुरक्षित’ केला. मराठीत ‘आदिम’ अजून रुळलेलाच आहे.

एका शब्दाने एवढं काय बिघडतं?

‘उत्क्रांती’ या शब्दातच ‘उत्’ आहे, म्हणजे वर. त्यामुळे डोळ्यांपुढे शिडी येते: खाली माकड, मध्ये ‘आदिमानव’, वर मोबाइल घेतलेले आपण. डार्विनच्या १८५९च्या पुस्तकात मात्र आकृती एकच आहे, आणि ती फुटत जाणाऱ्या फांद्यांची. फांद्यांच्या टोकाला असलेले आजचे सगळे जीव सारखाच काळ चालून आलेत. मग आज जगणारा कुठलाही माणूस दुसऱ्याचा पूर्वज कसा ठरेल? ‘जो लायक तो टिकतो’ हेही असंच. हे शब्द मूळचे हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४चे. जीवशास्त्रात लायक म्हणजे त्या परिसरात तगून संतती मागे ठेवणारा, श्रेष्ठ नव्हे. पुरातत्त्वातलं ‘अश्मयुग’ही हत्यारांवरून पाडलेलं काळाचं नाव आहे, माणसाची पायरी नाही.

आता ‘कातकरी’ हे नाव पाहा. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, काढा आटवून कात करणारे ते कातकरी. पानाला आणि रंगकामाला लागणारा हा बाजारातला माल. म्हणजे नावातच एक धंदा आहे. वनकायद्यांनी जंगल बंद झालं, कातेचा धंदा बसला आणि अनेक कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर गेली. यात ‘आदिम’ काय आहे? हा तर अलीकडचा इतिहास.

कुणी म्हणेल, शिक्का पुसला तर योजनाही जातील. प्रश्न रास्त आहे. २०२३ची पीएम-जनमन योजना याच वर्गीकरणावर उभी आहे. यादी राहू द्या. तिचं कारण बदला. ‘ते मागे राहिले’ म्हटलं की दोष काळाचा होतो आणि आपण फक्त दयाळू ठरतो. ‘त्यांचं जंगल गेलं’ म्हटलं की विचारावं लागतं, ते कुणी घेतलं आणि भरपाई काय दिली. ‘आदिम’ हा शब्द नेमका तोच प्रश्न टाळायला मदत करतो.