मीठ केव्हा घालावे?

तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेल्या आणि तीस वर्षे खडू-फळ्यात घालवलेल्या माणसाने दिवाळी अंकात काकडीच्या कोशिंबिरीवर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण माझा इलाज नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथांत नीट सापडले नव्हते, ते गेल्या मे महिन्यात एका पातेल्याच्या तळाशी सापडले. प्रश्न साधाच आहे. आपले म्हणणे खरे आहे, एवढे कारण ते बोलून दाखवायला पुरेसे आहे काय?

माझी थोरली बहीण, आमची अक्का, भोपाळला असते. तिचे सासरे मूळचे नागपूरचे, सचिवालयातले कारकून. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली. फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर जी मराठी कुटुंबे तिकडे गेली, त्यांतले हे एक. आम्हा बेळगावकरांना ती तारीख वेगळ्या कारणाने विसरता येत नाही. त्याच दिवशी आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. तेव्हा अक्काचे सासर आणि माहेर एकाच दिवशी, एकाच कायद्याने जागचे हलले, असे मी तिला चेष्टेने म्हणतो.

भाचा आता राज्य सरकारात अधिकारी आहे. त्याला चार इमली भागात सरकारी बंगला मिळाला आहे. चार इमली म्हणजे चार चिंचा. मोठमोठे हुद्देदार जिथे राहतात त्या वस्तीचे नाव चिंचेवरून पडावे, हे मला फार आवडते. उन्हाळ्याच्या सुटीत मी गोवा एक्सप्रेसने बेळगावला बसलो आणि दुसऱ्या दिवशी भोपाळच्या त्या भट्टीत उतरलो. मे महिन्यात तिथे पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारी जेवावेसेच वाटत नाही. अशा वेळी पानाची डावी बाजूच माणसाला जगवते.

पहिल्याच सकाळी मी हातगाडीवाल्याकडे ‘ककडी’ मागितली. त्याने लांब, बारीक, वाकडी, फिकट हिरवी अशी भलतीच फळे माझ्या पिशवीत टाकली. आपण जिला काकडी म्हणतो तो तिकडचा ‘खीरा’. तिकडची ककडी ही खरे तर खरबुजाच्या जातीची. आमच्याकडे बाजारात कानडी बाईकडे जावे तर तीच वस्तू ‘सौतेकाई’ होते. आणि तिची भिजवलेल्या मुगाच्या डाळीबरोबर केलेली ‘कोसंबरी’ रामनवमीला पानकाबरोबर मिळते. कोशिंबीर आणि कोसंबरी हे शब्द सख्ख्या बहिणी आहेत, हे सांगायला भाषाशास्त्र नको. अक्काची सून जबलपूरची. ती याच पदार्थाला सरळ ‘रायता’ म्हणते. एका घरात तीन नावे नांदतात आणि कोणाचे पोट बिघडत नाही.

अक्काची कोशिंबीर मात्र एकाच पद्धतीची, आमच्या आईची. कोवळी काकडी निवडायची, देठाकडचा तुकडा कापून घासायचा आणि चाखून पाहायची, कारण कडूपणा बहुधा देठाशी आणि सालीलगत असतो. मग ती किसायची नाही, हातात धरून सुरीने चोचवायची, म्हणजे दाताखाली करकरीत लागते. तुकडे झाकून गार ठेवायचे. दही फडक्यात अर्धा तास टांगायचे, त्यात दोन चमचे साय घोटायची. मिरची ठेचून तयार, दाण्याचा कूट तयार, तुपाजिऱ्याची फोडणी करून निववलेली. हे सगळे वेगवेगळ्या वाट्यांत थांबून राहते. पाने मांडली, माणसे बसली, की मग एकत्र करायचे आणि सर्वांत शेवटी मीठ. ‘मीठ पडलं की घड्याळ सुरू झालं’, असे आई म्हणे.

यामागचे शास्त्र मी नववीच्या वर्गात कित्येकदा ऐकवले आहे. काकडीत शंभरात पंचाण्णव भाग पाणी. ते पेशींत घट्ट भरलेले असते, म्हणून काकडी करकरीत. बाहेर मीठ पडले की पेशींतले पाणी पडद्यातून बाहेर ओढले जाते आणि पेशी ढिल्या पडतात. साखरही तेच करते, हे विसरू नये. गोड वस्तूही अवेळी घातली तर पाणीच काढते.

एवढे शास्त्र ठाऊक असलेल्या माणसाने त्या रविवारी काय केले, ते सांगतो. भाच्याकडे आठ माणसे जेवायला यायची होती. अक्का आणि सूनबाई घामाघूम झालेल्या. मी रिकामा. मदत करावी म्हणून स्वयंपाकघरात गेलो. वाट्या मांडलेल्या दिसल्या. सगळे एकत्र केले, अंदाजाने मीठ घातले, चव घेतली. चव उत्तम होती. समाधानाने झाकण ठेवले. तेव्हा साडेअकरा वाजले होते. पाने मांडली गेली दीड वाजता.

झाकण काढले तर दोन बोटे पाणी, त्यात मऊ पडलेल्या फोडी, आणि दह्याचा नुसता पांढरा रंग. सूनबाईचा चेहरा उतरला. सासूचा हात चुकला, असे पाहुण्यांना वाटणार. अक्काने पातेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिला कळले होते. मी काही बोलणार, तेवढ्यात तिने डोळ्यांनीच थांबवले. पाणी दुसऱ्या भांड्यात निथळून घेतले, उरलेले घट्ट दही आणि मूठभर कूट घातला, वर ताजी फोडणी दिली आणि वाढले. पाहुणे ‘रायता बढ़िया है’ म्हणाले. अक्का हसली. संध्याकाळी त्याच निथळलेल्या पाण्यात थालिपिठाचे पीठ भिजले.

रात्री ओसरीवर गार वारा सुटला तेव्हा ती म्हणाली, “मीठ तू घातलंस नव्हे? प्रमाण अगदी बरोबर होतं. वेळ चुकली.”

मी विचारले, “मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तेव्हा बोलून काय झालं असतं? तुझं तोंड एवढंसं झालं असतं आणि कोशिंबीर तशीच राहिली असती.”

बोलणे एवढेच झाले. ती झोपायला गेली. मला मात्र झोप आली नाही. कारण ‘प्रमाण बरोबर, वेळ चुकली’ हे वाक्य ऐकताच दोन वर्षांपूर्वीची जूनमधली एक सकाळ माझ्यापुढे येऊन बसली होती.

आमची शाळा खेड्यातली, मराठी माध्यमाची. त्या सकाळी एक शेतकरी बाप मुलाचा दाखला मागायला आला. मुलगा आठवीत जाणार होता, हुशार होता, त्याला शहरातल्या इंग्रजी शाळेत घालायचे होते. त्या आठवड्यातला तो पाचवा दाखला. मी भडकलो. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, कचेरीत तिसरी, अशाने मुलाला कुठलीच धड येणार नाही, हे मी त्याला सुनावले. तिथवर ठीक होते. पण मी पुढे म्हणालो, “पोटासाठी मातृभाषा सोडणं म्हणजे आईला घराबाहेर काढणं आहे.” तो काही बोलला नाही. कपाळावरचा घाम पुसायला त्याने टोपी काढली. डोके नुकतेच भादरलेले होते. त्याची आई जाऊन पुरते तेरा दिवसही झाले नव्हते. टोपी परत घालून तो एवढेच म्हणाला, “दाखला द्या, सर.”

मी दाखला दिला. दोन वर्षे मनाची समजूत घालत राहिलो की मला माहीत नव्हते, आणि शिवाय जे बोललो ते खरेच होते.

खरेपणाची ही ढाल फार जुनी आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली एक छोटा निबंध लिहिला. घरात लपलेल्या मित्राचा पत्ता मारेकऱ्याने विचारला तरी खोटे बोलण्याचा अधिकार माणसाला नाही, असे त्याचे म्हणणे. आपल्या महाभारताने कर्णपर्वात याच्या नेमके उलट उदाहरण दिले आहे. कौशिक नावाच्या सत्यव्रती ब्राह्मणाने लुटारूंना पळालेल्या माणसांची वाट खरी खरी सांगितली. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, तीही अर्जुन प्रतिज्ञेपायी धर्मराजावर शस्त्र उचलायला निघाला असताना. वर्गात या दोन्ही गोष्टी सांगून मी वाद रंगवत असे. पण तुमच्या-माझ्या रोजच्या जगण्यात प्रश्न इतका टोकाचा नसतो. खोटे बोल, असे आपल्याला कोणी सांगत नाही. जरा थांब, एवढेच सांगणे असते. आणि थांबणेच आपल्याला जड जाते. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की रागावणे कोणालाही जमते. योग्य माणसावर, योग्य मापाने, योग्य वेळी, योग्य हेतूने रागावणे हे कठीण. यातले माप मी जन्मभर सांभाळले. वेळ ही मला किरकोळ बाब वाटे.

ती किरकोळ नाही, हे त्या ओसरीवर उमगले. मीठ आपण दोन कारणांनी घालतो. एक चव आणण्यासाठी, दुसरे पाणी काढण्यासाठी. कारल्याला आपण आधी मीठ चोळून ठेवतो ते पाणी सुटावे आणि पिळून टाकता यावे म्हणून. मीठ तेच, हात तोच. वेळ पाहिली की हेतू कळतो. खऱ्या बोलण्याचेही तसेच आहे. समोरच्याच्या जगण्याला चव यावी म्हणून बोललेले खरे असते, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी काढण्यासाठी बोललेलेही खरेच असते. मी त्या बापाला बोललो तेव्हा माझ्या मनात त्याचा मुलगा होता का? प्रामाणिकपणे सांगायचे तर हजेरीपट होता. पट घटला की शिक्षकाचे एक पद जाते, ही भीती होती. आधीच्या चार जणांवरचा राग पाचव्यावर निघाला. मुलाचे हित मनात असते तर मी आधी त्याच्याकडे नीट पाहिले असते. भादरलेले डोके टोपीखाली होते, पण चेहरा तर उघडा होता.

यावर कोणी म्हणेल, हेडमास्तर, वेळेची वाट पाहणारे लोक शेवटी बोलतच नाहीत. हे मान्य केलेच पाहिजे. ‘योग्य वेळ आली नाही’ या पांघरुणाखाली आपल्या समाजात केवढा भित्रेपणा सुखाने झोपला आहे! सीमाभागात राहणाऱ्यांनी तर दोन्ही प्रकार पाहिले आहेत, अवेळी ओरडणारेही आणि वेळेवर गप्प बसणारेही. अळणी कोशिंबीर ही काही पाणचट कोशिंबिरीहून थोर नव्हे. तेव्हा फरक कसा ओळखावा? मला सुचलेली खूण अशी. थांबणाऱ्याने बाकीची सगळी तयारी केलेली असते, दही टांगलेले असते, फोडणी निवलेली असते, फक्त मिठाचा हात थांबलेला असतो. टाळणाऱ्याने काकडीच चिरलेली नसते. अक्का त्या दुपारी गप्प राहिली, पण रात्र उलटू दिली नाही. आणि मधल्या वेळात तिने पातेले सावरले होते.

आणखी एक गोष्ट. आपल्या पानात सर्वांत आधी वाढतात ते मीठच. लिंबाच्या फोडीशेजारी ते चिमूटभर असते. कोणाच्या भातावर कोणी ते ओतत नाही. ज्याला हवे तो बोटाने घेतो. खरे बोलणेही पुष्कळदा असेच हाताशी ठेवता आले पाहिजे. भाषेबद्दलचे माझे मत मी आजही सोडलेले नाही. मुलांचे पहिले शिक्षण घरच्या भाषेत व्हावे, असेच मी म्हणेन. पण अक्काची नात देवनागरी वाचते ती हिंदीसाठी, मराठी बोलते ती आजीपुरती, आणि काकडी चोचवते ती मात्र हुबेहूब आमच्या आईसारखी. तिच्याकडे पाहताना मला कोणाच्या घराबाहेर काढलेली आई दिसली नाही. त्या पोरीला मी काय सुनावणार होतो?

उपमा ताणू नये, हे मी मुलांना शिकवतो. निथळलेल्या पाण्यात पीठ भिजवता येते, म्हणून बिघडले ते बिघडले नाही असे होत नाही. पाणी सुटलेली काकडी पुन्हा कोरडी करता येते, करकरीत करता येत नाही.

बेळगावला परतल्यावर शाळा उघडण्याआधी मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. अंगणात त्याने खाट टाकली, चहा आला. मी जे बोलायचे ते बोललो. तो बराच वेळ चुलीकडून येणाऱ्या धुराकडे बघत होता. मग म्हणाला, “सर, तुमी बोललासा ते खोटं न्हवतं. पन त्या दिशी बोलायचं न्हवतं.”

मुलगा आमच्या शाळेत परत आला नाही. तो यावा म्हणून मी गेलोही नव्हतो. निघताना त्याने बापाच्या सांगण्यावरून मला वाकून नमस्कार केला, आणि नव्या शाळेत कसे चालले आहे, हे मी त्याला पहिल्यांदाच विचारले.