टेकायला जागा

डोंबिवली, बदलापूर, वसई, विरार इथल्या घरांत संध्याकाळी कामावरून परतलेल्या माणसाला बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात, ‘बसायला मिळालं का?’ चहा, ऑफिस, मुलांचा अभ्यास हे सगळं त्यानंतर. मिळालं असेल तर विचारणाऱ्यालाही बरं वाटतं. बसायला मिळालं म्हणजे काय मिळालं, हे मात्र कुणी विचारत नाही. बाक कडक होतं का, पाठीला काय लागत होतं, पाय कुठे ठेवले होते, याची चर्चा होत नाही. पायांवरचं ओझं तासभर उतरलं, एवढंच पुरे असतं.

मी बरीच वर्षं मध्य रेल्वेच्या लोकलने प्रवास केला. बसण्याबद्दल मला जे काही कळतं, ते आधी तिथे कळलं. घरात सोफा, खुर्च्या, दिवाण सगळं होतं. पण घरात आपण हवं तेव्हा उठतो, आडवे होतो, कुशी बदलतो. त्यामुळे बैठक कशी आहे याकडे शरीराचं लक्ष जात नाही. गाडीत एकदा बसलं की ठाण्यापर्यंत, कधी थेट भायखळ्यापर्यंत, त्याच जागेशी गाठ असते.

सेकंड क्लासचं बाक तिघींसाठी बनवलेलं असतं आणि त्यावर चौघी बसतात. ही चौथी सीट नियमात कुठेही नाही, पण तिचे नियम सगळ्यांना पाठ असतात. ‘जरा सरकून घ्या’ म्हटलं की खिडकीपासून सगळ्या एकेक इंच आत जातात. चौथीला जेमतेम एका मांडीपुरती जागा मिळते. ती बाकाच्या कडेला तिरकी बसते, बाहेरचा पाय पॅसेजमध्ये रोवते आणि अर्धा भार त्या पायावर घेते. गाडीने ब्रेक मारला की तिची मांडी ताठ होते, गाडी सुटली की सैल. समोरच्या बाकावरच्या बायकांचे गुडघे आपल्या गुडघ्यांच्या मधे येतात. जिचे पाय लांब, तिने ते कुठे ठेवायचे हे समोरचीशी न बोलताच ठरतं. नेहमीच्या ग्रुपमध्ये आणखी एक पद्धत असते. सुरुवातीपासून बसून आलेली बाई ठाणं किंवा घाटकोपर आलं की उठते आणि उभ्या असलेल्या मैत्रिणीला जागा देते. रोजच्या गर्दीत मिळालेली अर्धी वाट वाटून घेण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. कुणी ती शिकवलेली नाही आणि कुणी मोडतही नाही.

त्या कडक बाकावर तासभर बसून माझी कंबर क्वचितच दुखली. सुट्टीच्या दिवशी घरच्या मऊ सोफ्यावर तेवढाच वेळ बसलं की दुखायची. याचं कारण मी पुष्कळ दिवस शोधत होते. एक तर लोकलमध्ये माणूस स्वस्थ बसतच नाही. सरकतो, पिशवी काढायला वाकतो, उतरणारीला वाट द्यायला पाय आखडतो, आणि या हालचालींनी पाठ मोकळी राहते. दुसरं म्हणजे बाक दबत नाही. बसण्याची हाडं जिथे टेकतात तिथेच टेकून राहतात आणि कणा त्यांच्यावर उभा राहतो. मऊ गादीत बूड खाली जातं, गुडघे वर येतात, कंबरेचा बाक उलटा होतो. बसताना सुख वाटतं आणि अर्ध्या तासाने ते कमी होत जातं.

एसटीने वेगळ्या गोष्टी शिकवल्या. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली एसटी धावली. तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या माणसांना कुठली जागा चांगली हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खिडकीतून रुमाल किंवा पिशवी टाकून जागा धरणारा माणूससुद्धा ती कुठेही टाकत नाही. दोन चाकांच्या मधली जागा सगळ्यांत शांत. मागच्या चाकावरच्या जागेत पायाखाली उंचवटा येतो आणि गुडघे छातीशी लागतात. शेवटचं बाक मागच्या आसाच्याही पलीकडे असल्याने खड्ड्याचा हिसका तिथे कितीतरी वाढून पोचतो. दुपारी मुंबईहून साताऱ्याकडे जाताना ऊन उजव्या खिडक्यांवर येतं, म्हणून जाणती माणसं डावीकडची जागा बघतात. आणि मे महिन्यात रेक्झिनची सीट कशी असते ते ज्याला माहीत आहे, त्याला फर्निचरच्या दुकानातल्या चकचकीत लेदरेटच्या सोफ्याबद्दल निराळं काही सांगावं लागत नाही. घामाने पाठ चिकटते, उठताना कपडा ओढून सोडवावा लागतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत घरात असं काही आणावं, असं मला कधीच वाटलं नाही.

बसण्याचा खरा विचार करावा लागला तो आईच्या गुडघ्यांमुळे. ती पाटावर बसून जेवलेल्या, जमिनीवर बसून भाजी निवडलेल्या पिढीतली. मांडी घालणं बंद झालं तेव्हा तिला वाईट वाटलं, पण ते तिने मान्य केलं. तिला सोसवत नव्हतं ते सोफ्यावरून उठताना कुणाला तरी हात मागणं. घरात कुणी नसलं की ती पलंगाच्या कडेला बसून टीव्हीचा नुसता आवाज ऐकायची. पलंगावरून तिला उठता येत होतं, सोफ्यावरून येत नव्हतं.

म्हणून आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. कितीतरी दुकानं पालथी घातली. सगळीकडे विक्रेते तळव्याने गादी दाबून दाखवत. ‘फोम बघा, चाळीस डेन्सिटीचा आहे,’ असं सांगत. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. त्यावरून तो फार लवकर बसणार नाही हे साधारण कळतं. तो कडक आहे की मऊ, हे त्यातून कळत नाही. त्याहून अडचणीचं म्हणजे जवळपास सगळे सोफे खोल होते. पाठ टेकवायची तर आईचे पाय अधांतरी लोंबायचे. पाय टेकवायचे तर पाठ आणि पाठीच्या गादीत वीतभर अंतर, आणि ते भरायला लोड. कागदावर बैठकीची उंची सतरा इंच लिहिलेली असली, तरी बसल्यावर गादी तीन-चार इंच दबायची. काही सोफ्यांना खाली सामान ठेवायचा खण होता, म्हणजे पुढची बाजू जमिनीपर्यंत बंद.

या बंद बाजूचा त्रास कुणालाही घरी करून बघता येईल. खुर्चीवर बसा आणि पाय गुडघ्यांच्या पुढे ठेवून उठायचा प्रयत्न करा. उठवत नाही. आता पावलं मागे, खुर्चीखाली घ्या, डोकं पुढे झुकवा. शरीराचा भार पावलांवर येतो आणि माणूस उठतो. तरुणपणी हे सगळं एका झटक्यात होऊन जातं, म्हणून लक्षात येत नाही. गुडघे थकल्यावर त्यातली प्रत्येक पायरी वेगळी करावी लागते. बैठक ठेंगणी असेल तर मांड्यांना जास्त जोर लावावा लागतो. खाली पाय घ्यायला जागा नसेल तर भार पावलांवर येतच नाही. खुर्चीचा हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेला नसेल तर रेटायला आधार मिळत नाही. बसण्यासाठी वस्तू घेताना आपण बसून बघतो, उठून मात्र बघत नाही. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाच्या खुर्चीची परीक्षा उठण्यातच होते.

शेवटी खुर्ची करून घ्यायची ठरली. मिस्त्री वयस्क होते, डोंबिवलीतच त्यांचं काम चालायचं. मी त्यांना कागदावर काढलेली मापं दिली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “ताई, आजींना बसवून माप घेतो.” एक ठेंगणं लाकडी स्टूल आणि प्लायवूडचे चौकोनी तुकडे घेऊन ते घरी आले. स्टुलावर तुकडे रचले, बाजूला टेबल सरकवलं, आईला त्यावर बसवलं आणि म्हणाले, “आता उठा आजी.” आई टेबलाला धरून उठली, पण कष्टाने. त्यांनी एक तुकडा वाढवला. पुन्हा बसा, पुन्हा उठा. आणखी एक वाढवला. आता ती सहज उठली, पण बसल्यावर टाचा जमिनीपासून सुटल्या. “पाय लोंबतायत,” ती म्हणाली. “मांडीला कड रुतते.” मिस्त्रींनी जाड तुकडा काढून पातळ घातला. असं खालीवर करत करत एक उंची सापडली. टाचा टेकत होत्या आणि उठताना टेबलावर फक्त बोटं ठेवावी लागत होती. तिच्या गुडघ्यामागच्या मापापेक्षा ती जरा जास्त होती. मिस्त्रींनी टेप लावली, “साडेसोळा आणि एक सूत,” असं पुटपुटले आणि आकडा पेन्सिलीने प्लायवर लिहिला.

हे माप कुठल्याच दुकानात नव्हतं. दुकानांतल्या खुर्च्या साधारण सतरा-अठरा इंचांच्या असतात. ते माप उंच माणसांच्या देशांतून आलं आणि आपल्याकडे रूढ झालं. आपल्या माणसांची मापं कुणी घेतलीच नाहीत असं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं अख्खं पुस्तक प्रसिद्ध केलं आहे. डिझाइन शिकणाऱ्यांना ते माहीत असतं. पाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेल्या बायका मात्र अजूनही चवड्यांवर पाय टेकवून डायनिंग टेबलाशी बसतात.

बैठक कशाची करायची यावर घरात वाद झाला. भावाचं मत फोमचं होतं. मला वेत हवा होता. मुंबईच्या इराणी हॉटेलांमधल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मला पहिल्यापासून आवडतात. फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल टोनेट यांनी १८५९ साली बाजारात आणलेल्या घाटाच्या या खुर्च्या. वाफेवर बीचचं लाकूड वाकवायचं, मोजक्या भागांची खुर्ची सुटी करून पेट्यांतून जगभर पाठवायची आणि पोचल्यावर स्क्रूंनी जोडायची, ही त्यांची युक्ती. त्यातल्या वेताच्या बैठकीच्या खुर्च्यांमधून हवा खेळते, वेत थोडासा लवतो आणि तिथेच थांबतो. आईने निकाल दिला तो वेताच्या बाजूने. “गरम होत नाही आणि धसत नाही,” एवढंच ती म्हणाली. मिस्त्रींनी बैठकीला मागे उतार देऊ का असं विचारलं, तेव्हाही तिने नको म्हटलं. उतारावर पाठीला आराम मिळतो, पण पुढे यायला चढ लागतो, हे ती बोलली नाही. तिला ते एसटीच्या सीटवरून ठाऊक होतं.

खुर्ची सागवानी झाली, हात पुढच्या कडेपर्यंत आणले, खाली चारी बाजूंनी मोकळी. आता आई दिवसातून कितीदा तरी कुणाला न बोलावता उठते. टीव्ही बघते, दार उघडते, कुकर बंद करते.

पण आई घराबाहेर फारशी पडत नाही, आणि हे मला खुर्चीने सोडवता आलेलं नाही. तिची बहीण साताऱ्याजवळ असते. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. या दोन्ही सवलतींनी किती बायका घराबाहेर पडल्या ते कुठल्याही स्टँडवर उभं राहिलं की दिसतं. लेकीकडे, माहेरी, देवाला, दवाखान्यात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र साध्या बसचा सांगाडा ट्रकच्या धर्तीवरचा असतो, तिची जमीन बरीच उंच. पहिली पायरीच गुडघ्याच्या उंचीला येते. नऊवारी नेसलेली आजी एका हाताने दांडा धरते, दुसऱ्या हाताने आपलाच गुडघा दाबते, मागून कुणीतरी कंबरेला हात लावतं आणि ती वर ओढली जाते. शहरांतल्या लो फ्लोअर बसची जमीन साधारण ४०० मिलीमीटरवर असते. म्हणून कल्याणला जायचं असलं की आई स्टॉपवर उंच पायऱ्यांच्या बस सोडून देते आणि ठेंगणी येईपर्यंत थांबते. गावच्या रस्त्यांवर तळ घासेल अशी खालची बस चालणार नाही, हे मला कळतं. पण पायऱ्यांची संख्या वाढवून प्रत्येकीची उंची कमी करता येते, दोन्ही बाजूंना हाताशी येतील असे दांडे बसवता येतात, चाकावरच्या जागा म्हाताऱ्यांच्या वाट्याला येणार नाहीत असं ठरवता येतं.

त्यासाठी मोठ्या अभ्यासाचीही गरज नाही. नव्या बसचा आराखडा पक्का करण्याआधी आगारात एक लाकडी पायरी आणि प्लायवूडचे तुकडे ठेवावेत, स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या आठ-दहा आज्यांना बोलवावं आणि प्रत्येकीला एवढंच सांगावं, ‘आता चढा आजी.’ एकेक तुकडा काढत जावं. जिथे त्या स्वतःच्या गुडघ्यावर हात न ठेवता चढतील, तिथे टेप लावून आकडा लिहून घ्यावा.