सलग ऐकताना



लग्नसराईत धुळ्यात बँडची गाडी दणाणली की पोरंटोरं अहिराणी गाण्यांवर नाचू लागतात. झकासच! पण गल्लीत वाजतं त्यापलीकडचं काही शोधायचं, तर मांडी घालून एखादा अल्बम सलग ऐकावा. मधलं गाणं न वगळता.

सुरुवात घरातूनच करा. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. ओव्या इतरांनी टिपून घेतल्या आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी त्यांच्या कवितांना चाली दिल्या. पुढे यशवंत देवांच्या संगीतात उत्तरा केळकरांनी बहिणाबाई गायली. दोन्ही ऐका. मला देवांच्या चाली जास्त भावतात. तिथं शब्द आधी कानात पडतो, सूर मागून येतो. तुम्हाला पटत नसेल तर खुशाल भांडा.

मग जानेवारीत जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला जा. ख्याल कळत नाही म्हणून घरी बसू नका. विलंबित लयीत सुरुवातीला कंटाळा येतो, येऊ द्या. मांडीवर बोटांनी मात्रा मोजत राहा. एकदा का गवयाबरोबर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठली, की शेजारच्याच्या आधी तुमचीच मान डोलते.